त्या दगडाखाली मार्था नाही

मनमाड स्टेशनच्या फलाटावर माझ्या वडिलांनी आमच्या दोघांच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली, तेव्हा मार्थानं डोळे मिटले होते आणि मी आजूबाजूला बघत होतो. आमचं लग्न नुकतंच झालं होतं. मी बनारसला बँकेत कारकून होतो आणि बायकोला घेऊन परत निघालो होतो. वडील सोनगावच्या मिशनच्या शाळेत मास्तर. रविवारी उपासनेत पेटी तेच वाजवायचे, त्यामुळे आवाज लावायची त्यांना सवय होती. “प्रभू, ही लेकरं परमुलखात चाललीत, त्यांना तुझ्या पंखांखाली घे,” असं ते म्हणत होते आणि चहावाला किटली तशीच धरून आमच्याकडे पाहत उभा होता. शेजारच्या कुटुंबानं आपली ट्रंक थोडी पलीकडे सरकवली.

मी म्हणालो, “बाबा, हळू.”

त्यांनी आमेन म्हटल्यावरच डोळे उघडले. “हळू का? मी काय चोरी करतोय?”

आईनं मार्थाच्या हातात बाजरीच्या भाकरी आणि जवसाच्या चटणीचं फडकं दिलं. गाडी हलली तेव्हा वडील खिडकीबरोबर चालत म्हणाले, “परक्या गावात आधी आपली ख्रिस्ती मंडळी शोधायची, मग खोली. खोली काय, मिळतेच.” मी मान हलवली. खरं तर खोली मला आधीच मिळाली होती. ती कशी मिळाली हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. मार्थालाही नाही.

सोनगावच्या मंडळीतल्या तुम्हा सगळ्यांसाठी मी हे लिहितो आहे, आणि सोनगाव सोडून पुण्याला, मस्कतला, कुठे कुठे गेलेल्या आपल्या लोकांसाठीही. दर ईस्टरच्या पहाटे तुम्ही माझ्या आईवडिलांच्या कबरींशेजारच्या एका दगडावर फुलं ठेवता. त्या दगडावर मार्थाचं नाव आहे. त्याच्याखाली मार्था नाही. तो दगड माझ्या धाकट्या भावानं, प्रभाकरनं, बसवला. तो आता नाही. त्याला हे कळायच्या आत तो गेला याचं एकेकाळी मला बरं वाटलं होतं, हेही लिहून टाकतो.

बनारसला मी पहिल्यांदा एकटा आलो तेव्हा दोन-तीन ठिकाणी खोली बघितली. एका घरमालकानं नाव, गाव, वडील काय करतात असं सगळं विचारलं. मी मिशनची शाळा म्हणालो. तो हसतमुखानं म्हणाला की खोली कालच गेली. दुसऱ्या दिवशी बँकेतल्या एकाला ती मिळाली. मग कोणी तरी सांगितलं, तुम्ही मराठी ना, मग ब्रह्मा घाटावर जा, तिकडे तुमच्या लोकांची जुनी घरं आहेत.

तिथे नाना भेटले. वेदपाठशाळेत शिकवायचे. उघडे, जानवं, कानात भिकबाळी. माझं मराठी ऐकून त्यांचा चेहरा उजळला. काशीत पिढ्या गेलेल्या माणसाला देशावरून आलेलं मराठी कानावर पडलं की काय होतं ते मी तेव्हा पाहिलं. म्हणाले, “जात मी विचारत नाही. इथे आलेला मराठी माणूस म्हणजे आपला. कुलदैवत तेवढं सांगा.”

मी म्हणालो, “खंडोबा. जेजुरीचा.”

“वा. मग आमचेच की.” किल्ली त्यांनी तिथल्या तिथे काढून दिली.

माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी आमच्या घरात खंडोबा होता, हे खरंच आहे. मी खोटं बोललो नाही असं स्वतःला कित्येक वर्षं सांगत आलो. मी फक्त मधल्या तीन पिढ्या गाळल्या. आणि सोनगावकर या आडनावावरून कोणाला काही कळत नाही.

मार्थाला मी हे गाडीत सांगितलं, मिर्झापूर गेल्यावर, जेव्हा परत फिरायची सोय उरली नव्हती. त्या घरात तिचं नाव मालती असेल, कपाळाला कुंकू लावावं लागेल, आणि मंगळसूत्रात दोन वाट्यांच्या मध्ये जो छोटा सोन्याचा क्रूस आहे तो काढावा लागेल.

ती आधी हसली. “नाव बदलायचं तर लग्नात बदलतात हो. ताटात तांदूळ पसरून लिहितात. तुम्ही आगगाडीत बदलताय.” मग म्हणाली, “आणि मालती? मालती आमच्या शाळेतली शिपाईण होती.” मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि तिचं हसू गेलं. “कुंकवाचं काही नाही. माझी आजी लावायची. क्रूस कशाला काढायचा?”

“बदली होईपर्यंत,” मी म्हणालो.

तिनं केसातली पिन काढून त्या पिनेनं क्रूसाची कडी उघडली. बोगीत ऊन आलं होतं. समोरच्या बाकावरची बाई तिच्या हाताकडे बघत होती. पूल आला, खाली नदी आली, लोकांनी नदीत नाणी टाकली, हात जोडले. मार्थानं मूठ मिटून घेतली होती. मला वाटलं ती तो क्रूस नदीत टाकते की काय, आणि टाकला तर बरं होईल असंही वाटलं.

बदल्या झाल्या त्या बनारसातल्या बनारसात, एका शाखेतून दुसऱ्या शाखेत.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नानांच्या घरात मला कोणीही कधी धमकावलं नाही. त्यांची बायको, आम्ही सगळे काकू म्हणायचो, तिनं मार्थाला मुलीसारखं वागवलं. आम्हाला मूल झालं नाही, त्याबद्दल त्या घरात कोणी कधी वावगं बोललं नाही. मुलगा गजानन माझ्याच वयाचा. मी त्याला गजूभाऊ म्हणायचो, तो मला भास्करराव. गणपतीत मार्थाचे मोदक काकूंच्यापेक्षा सुबक व्हायचे आणि काकू तक्रारीच्या सुरात ते सगळ्या आळीला सांगायच्या. भीती बाहेरून आली नव्हती. ती मी घरात आणली आणि रोज तिला खाऊ घातलं. शेजारच्या गल्लीत कोणी जोरात बोललं तरी मला वाटे, कळलं. नानांनी वर हाक मारली की पायऱ्या उतरताना मी उत्तरं जुळवत असे. खाली गेल्यावर ते म्हणत, “अहो, पेपर नेता का वर?”

मार्था तांदूळ निवडताना आपल्याकडची भजनं गुणगुणायची. काकूंनी एकदा विचारलं, “कुठल्या संताचा गं हा अभंग? चाल छान आहे.”

“आमच्याकडचे एक आहेत, काकू. तुम्हाला माहीत नसतील.”

वर येऊन तिनं मला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती. मी दार लावून घेतलं आणि म्हणालो, इथे गुणगुणत जाऊ नकोस. त्यानंतर तिचं गाणं बंद झालं असं मला बरीच वर्षं वाटत होतं. ती मी बँकेत गेल्यावर गायची, हे मला काकूंच्या तोंडून कळलं.

नाताळला आम्ही साहेबांकडे जेवायला जातो असं सांगून छावणीतल्या चर्चमध्ये जायचो. मागच्या बाकावर. मार्था हिंदी गीतंही मोठ्यानं म्हणायची, आणि मी दाराकडे बघत बसायचो. प्रत्येक वेळी कोणी तरी ओळखीचं दिसल्यासारखं व्हायचं. परत येताना नाक्याच्या अलीकडे रिक्षा थांबवून ती पदराखालून टिकली काढून लावायची. मी कधी लाव म्हणालो नाही. मी फक्त थांबायचो.

अशी आमची वर्षं गेली. नाना गेले, काकू गेल्या, मी निवृत्त झालो. नंतर एका हिवाळ्यात मार्थाच्या छातीत पाणी झालं आणि तिला इस्पितळात ठेवलं. तिथे सरोज नावाची एक नर्स होती, नदीपलीकडे रामनगरला राहणारी. मी एका सकाळी गेलो तर सरोज तिचे केस विंचरत होती आणि तिला ‘मार्था दीदी’ म्हणत होती. मी आधी मागे वळून बघितलं, वॉर्डात आमच्या आळीतलं कोणी आहे का. मार्थानं ते पाहिलं. तिनं सरोजला नाव सांगितलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी तिनं स्वतःहून सांगितलं होतं. तो छोटा क्रूसही तिनं तिलाच देऊन टाकला होता.

शेवटच्या आठवड्यात मार्था म्हणाली, “मला मातीत ठेवा. आणि वर मार्था लिहा. मालती नको.”

मी हो म्हणालो.

ती सकाळी गेली. मी इस्पितळातून घरी फोन केला तो गजूभाऊंनी उचलला. मी काय करायचं आहे ते ठरवायच्या आत त्यांनी सगळं ठरवलं होतं. रुग्णवाहिका आळीच्या तोंडाशी पोचली तेव्हा बांबू आले होते, गजूभाऊ स्वतः सुतळीनं तिरडी बांधत होते. बायका जमल्या होत्या. सवाष्ण गेली म्हणून त्यांनी मार्थाला हिरवं लुगडं नेसवलं, हिरवा चुडा भरला, मळवट भरला, ओटी भरली. एकेक जण तिच्या पायाला हात लावून जात होती. कोणी तरी म्हणालं, भाग्याची, अहेवपणी गेली, आणि तीही काशीत. ते सगळं प्रेमानं चाललं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं, मी सोडून.

एक वाक्य बोलायचं होतं. ‘ती ख्रिस्ती होती, तिला मातीत ठेवायचं आहे.’ ते वाक्य मी मनात जुळवून ठेवलं होतं. गजूभाऊ गाठ मारत असताना मी त्यांच्याजवळ गेलो. त्यांनी वर बघितलं, डोळे लाल. “काय, भास्करराव?” मी म्हणालो, “काही नाही.” मग आम्ही निघालो. अरुंद गल्ल्यांमधून ‘राम नाम सत्य है’ म्हणत, गाई बाजूला करत, मणिकर्णिकेपर्यंत. तिथे अग्नी माझ्या हातात दिला. मी दिला. संध्याकाळी मी प्रभाकरला फोन करून सांगितलं की सगळं व्यवस्थित झालं, चर्चचे पाळक आले होते, छावणीच्या दफनभूमीत जागा मिळाली.

वर्षभरानं प्रभाकर आला. त्याला वहिनीची कबर बघायची होती. मी त्याला छावणीत घेऊन गेलो. वाटेत रिक्षात मी बोलत होतो, बनारसच्या कचोरीबद्दल, थंडीबद्दल. आत गेल्यावर एका कोपऱ्यात झिजलेला एक दगड होता, अक्षरं पुसलेली. मी म्हणालो, “ही. अजून नवा दगड बसवायचा आहे.” एवढ्या झिजलेल्या दगडाखाली वर्षापूर्वीची कबर कशी असेल असं त्यानं विचारलं नाही. आपला भाऊ खोटं बोलेल असं त्याच्या मनातच येणार नव्हतं. तो गुडघ्यावर बसला, रडला, आणि वडिलांसारखी खुल्या आवाजात प्रार्थना केली. मग रुमालात तिथली मूठभर माती बांधून घेतली. ती माती घेऊन तो सोनगावला गेला, आणि आईवडिलांच्या शेजारी पुरून त्यानं वर मार्थाच्या नावाचा दगड बसवला. त्या दगडाखाली कोण आहे मला माहीत नाही. मार्था नदीत आहे.

आता पुढचं. हे लिहायला बसलो ते यामुळेच, नाहीतर मी बसलो असतो का, सांगता येत नाही.

मार्थानंतर मी एकदा इस्पितळात औषधांची पिशवी परत करायला गेलो आणि सरोज भेटली. म्हणाली, “बाबूजी, इतवार को घर आइए.” तिच्या घरी रविवारी दहा-बारा माणसं जमत. दोन-तीन शेजारणी, तिचा नवरा, जो टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, चालवतो, एक म्हातारी, एक विणकर आणि त्याची बायको. चटईवर बसून गाणी, शास्त्रातला एखादा भाग, प्रार्थना, मग चहा. मी जाऊ लागलो. गजूभाऊंना सांगायचो, बँकेतल्या जुन्या मित्राकडे जातो. एवढ्या वयातही मी तेच करत होतो.

मी बनारसला आलो तेव्हा लोक विचारत, कारण बोलायला काही तरी हवं असे. कुठले, कोण, कुलदैवत कुठलं, आणि मग चहा. आता जे विचारतात त्यांच्या हातात मोबाईल उभा धरलेला असतो. सरोजच्या गल्लीत गेल्या पावसाळ्यापासून हे सुरू झालं. आधी दोन पोरं मोटरसायकल लावून समोर बसू लागली. काही बोलत नसत. आम्ही निघताना चित्रण करत. मग भिंतीवर चिखल मारलेला दिसला. विणकर यायचा थांबला. शेजारणींपैकी एकीच्या नवऱ्याला कोणी तरी दुकानात अडवून जाब विचारला. सरोज म्हणायची, “डर लगता है, बाबूजी, लेकिन चाय तो पिएँगे ना?” आणि पेले भरायची. प्रत्येक रविवारी चटईवर मोकळी जागा जास्त दिसायची.

मग एका रविवारी ती पोरं आणि त्यांच्याबरोबरची माणसं आत आली. चपला काढल्या नाहीत. आम्ही प्रार्थनेत होतो. एकेकाला नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, कोणी आणलं विचारलं. कोणाला मारलं नाही. मला बघून त्यांच्यातला एक थबकला. माझं धोतर, पांढरी टोपी. नमस्कार करून म्हणाला, “चाचाजी, आप तो भले घर के लगते हैं. आपको यहाँ कौन लाया? इसी ने बहकाया न?”

सरोज माझ्याकडे बघत नव्हती. ती जमिनीकडे बघत होती, मला मोकळं सोडावं म्हणून.

मी म्हणालो, “मैं तो सुई लगवाने आया था.” इंजेक्शन घ्यायला. त्यानं मला हात धरून उंबऱ्याबाहेर आणलं, वाट करून दिली. मी मुख्य रस्त्यापर्यंत चालत गेलो आणि टोटोत बसलो. पुलावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की माझा चष्मा चटईवरच राहिला. परत गेलो नाही.

सरोजला ठाण्यात नेलं, चौकशी करून सोडलं. लोकांना फसवून धर्म बदलायला लावते अशी तक्रार झाली. नोकरीवरून तिला घरी बसवलं. तक्रारीत माझा उल्लेख होता, एका प्रतिष्ठित वृद्ध गृहस्थाला आजारपणाचा फायदा घेऊन जाळ्यात ओढलं, असा. मी साक्ष दिली की तक्रार पक्की होणार होती. माझा पत्ता काढून ती माणसं ब्रह्मा घाटावर आली, गजूभाऊंना भेटली. फार अदबीनं बोलली.

ते गेल्यावर गजूभाऊ वर आले. पायऱ्या चढून त्यांना धाप लागली होती. “भास्करराव, आजकल हवा ठीक नाही. तुम्ही भोळे. काय झालं ते सांगून टाका आणि मोकळे व्हा. त्या बाईनं फसवलं ना तुम्हाला?”

मी ‘हो’ म्हटलं असतं तर सरोज तुरुंगात गेली असती. ‘नाही’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. मी काहीच बोललो नसतो तर ते त्यांनी हो धरलं असतं. आयुष्यभर मी गप्प बसलो आणि लोकांनी त्याचा जो अर्थ घेतला त्याच्या आडोशाला राहिलो. या वेळी त्या आडोशाखाली एक बाई चिरडत होती.

मी म्हणालो, “गजूभाऊ, मला कोणी फसवलं नाही. मी जन्मापासून ख्रिस्ती आहे. माझे वडील, आजोबा, पणजोबा. तुमची वहिनीसुद्धा. तिचं नाव मार्था.”

मला वाटलं ते खंडोबाचं विचारतील, नानांना फसवल्याचं बोलतील, स्वयंपाकघराचं, सोवळ्याओवळ्याचं काढतील. ते खाली बसले, भिंतीला टेकून.

“मग वहिनींना…” ते म्हणाले.

“तिला मातीत ठेवायला हवं होतं. तिनं सांगितलं होतं मला.”

“तिरडी मी बांधली, भास्करराव.”

“हो.”

“तुम्ही जवळ आला होतात. मी विचारलं, काय. आठवतंय मला.”

“काही नाही म्हणालो मी.”

“एक शब्द बोलायचा होता हो.” त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळेच तो मला सहन होईना. “माझ्या हातानं तुम्ही तिच्या मनाविरुद्ध करवलंत हे. ती मला भाऊबीजेला ओवाळायची. तुम्हाला काय वाटलं, आम्ही हाकलून दिलं असतं?”

“हो.”

मग ते म्हणाले, “दिलंही असतं कदाचित. आई असती तर नक्की. पण वहिनींना मातीत पोचवून मग.” आणि उठून खाली गेले. त्या दिवसापासून त्यांच्या सुनेकडून येणारा संध्याकाळचा चहा बंद झाला. मी ते समजू शकतो. मला घर सोडा असं मात्र त्यांनी अजून म्हटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरोजच्या नवऱ्याला बोलावून घेतलं आणि त्याच्या टोटोतून ठाण्यात गेलो. बाकावर मला बराच वेळ बसवून ठेवलं. तीच माणसं बाहेर झाडाखाली उभी होती. मी त्यांच्याच बाजूनं आलोय असं त्यांना वाटलं, एकानं पाण्याची बाटलीही आणून दिली. आत मी सांगितलं की मला कोणी ख्रिस्ती केलं नाही, मी तसाच जन्मलो, या बाईच्या घरी मी माझ्या पायांनी गेलो, आणि त्या रविवारी मी सुईचं जे सांगितलं ते खोटं होतं. लिहून घेणाऱ्यानं लिहिणं थांबवलं. “चाचा, इतने साल से ब्रह्मा घाट पर रहते हैं, किसी को पता नहीं?”

“नहीं,” मी म्हणालो. “डरता था.”

“अब नहीं डरते?”

“डरता हूँ.”

बाहेर आलो तेव्हा झाडाखालच्या माणसांना कळलं होतं. बाटली देणारा माझ्याकडे बघून हसत होता. मोबाईल वर केलेला होता.

तिथून रामनगरला गेलो. सरोज दारात उभी होती. तिचं प्रकरण मिटलेलं नाही, तारखा पडताहेत, नोकरी परत मिळेल की नाही माहीत नाही. पण तक्रारीत आता तो फसवला गेलेला प्रतिष्ठित वृद्ध उरलेला नाही. तिनं माझा चष्मा पुसून ठेवला होता. म्हणाली, “दीदी कहती थीं, बोलेंगे ये, बस इनको टाइम लगता है. बहुत टाइम लगाया, बाबूजी.” आणि चहा ठेवायला आत गेली.

त्यानंतर पंधरवड्यानं, दुपारी, आमच्या गल्लीत मोटरसायकली आल्या. आमची गल्ली एवढी अरुंद आहे की इंजिनाचा आवाज भिंतींमधून वर येतो. मी खिडकीशी होतो. गजूभाऊ खाली ओट्यावर बसले होते. त्यांच्याशी माझं बोलणं बंद होतं.

एकानं विचारलं, “वो ईसाई बुड्ढा इसी मकान में रहता है?”

गजूभाऊ म्हणाले, “यहाँ सब महाराष्ट्र के लोग रहते हैं, भैया.”

मला वाचवायला ते माझ्याचसारखं बोलले. अर्धं खरं. मी एवढी वर्षं ज्या उत्तरामागे लपलो ते उत्तर माझ्यासाठी आता दुसरा माणूस देत होता, आणि उद्या ते त्याच्यावर उलटणार होतं. मी खिडकीतून वाकलो.

“ऊपर हूँ,” मी म्हणालो. “मैं ही हूँ वो.”

सगळ्यांनी वर बघितलं. गजूभाऊंनीही. मोबाईल वर झाला. मी मागे सरलो नाही.

“फिर आएँगे, चाचा,” त्यांच्यातला एक म्हणाला. आवाजात राग नव्हता.

“आइए. सीढ़ी अँधेरी है, सँभलकर चढ़िएगा.”

ते गेले. अजून आलेले नाहीत. गजूभाऊ ओट्यावरून उठले नाहीत, माझ्याशी बोललेही नाहीत, पण त्या दिवशी संध्याकाळ होईपर्यंत ते दारातच बसून होते.

सोनगावच्या त्या दगडाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. काढला तरी माझी तक्रार नाही, ठेवला तरी नाही. फक्त खाली परकी माती आहे हे माहीत असू द्या, आणि त्या माणसालाही दोन फुलं ठेवत जा, कोण होतं बिचारं. प्रभाकरच्या मुलांनी विचारलं आहे की काका आता तरी घरी या. मी खूप विचार केला. सोनगावला मी प्रत्येक सुट्टीत उजळ माथ्यानं ख्रिस्ती होतो, तिथे ते व्हायला काही लागत नव्हतं. माझं जे काही राहून गेलं ते इथे राहून गेलं. मार्था इथल्या पाण्यात आहे. मी गेलो की मला छावणीत मातीत ठेवायचं सरोजला सांगून ठेवलं आहे, आणि वर आमची दोघांची नावं.

तुमच्यापैकी कोणाला यायचं असेल तर या. ब्रह्मा घाटावर उतरलात की कोणालाही विचारा, तो ख्रिस्ती म्हातारा कुठे राहतो. आता इथे सगळ्यांना माहीत आहे.